डिफरन्शियलला लावलेली पिंजर

घरापुढच्या खळ्यात ट्रकच्या मागच्या चाकांमधलं डिफरन्शियल उघडलं आणि जुन्या तेलाचा उग्र वास थेट स्वयंपाकघरात आला. ट्रक विकलाय. नव्या मालकाला तो हायवेला पळवायचाय, म्हणून मेस्त्री आतले गिअर बदलतोय.

ते गिअर यांनीच, याच खळ्यात बसवले होते. रेडीच्या खाणीतून माल भरून निघालेला ट्रक तेव्हा चढावर धापा टाकायचा. वेग गेला तरी चालेल, पण ओढ हवी, म्हणत हे दिवसभर ट्रकखाली पडून होते. मग तेलकट हात पुढे करून म्हणाले, "गो, वायच पिंजर हाड. गिअराच्या दातांक लावन फिरयतंय. बरोबर बसले तर लाल मदीच उठतला."

"माझ्या कपाळाचा कुंकू गाडयेक?" मी चिडलेच.

"घर तीच चालयता गो," म्हणत हे हसले आणि पिंजर माखलेल्या त्याच तेलकट बोटाने माझ्या कपाळावर टिकली लावली. तिला तेलाचा वास येत होता, म्हणून मी ती लगेच साबणाने घासून काढली.

"वैनी, वायच पिंजर मेळात?" आज मेस्त्रीने खळ्यातून हाक मारली. मी दारात आले. माझ्या मोकळ्या कपाळाकडे नजर जाताच तो ओशाळला.

हे गेल्यापासून करंडा उघडलाच नव्हता. तो तसाच भरलेला त्याच्या हातात दिला.

"सगळी घे रे," म्हटलं.