एका खणातले तीन पत्ते

सीमेवरच्या कमलनगरच्या आमच्या शाळेत अक्का गणित शिकवायच्या. निवृत्तीला चार दिवस उरले असताना त्यांनी मला बोलावलं. वर्षानुवर्षं फोनवर रेकॉर्ड करून ठेवलेल्या धड्यांची यादी त्यांनी संगणकावरच्या एका शीटमध्ये, खणाखणांच्या तक्त्यात, केली होती. निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं की अक्कांचा आवाज सुरू. पण तीच यादी पोरांच्या ग्रुपवर चिकटवली की नुसती नावं जायची, मागच्या लिंका इथंच राहायच्या. हेडसरांनी प्रिंट काढून भिंतीला लावली, तर एक आजोबा ती निळी अक्षरं दाबून दाबून थकले. जाण्याआधी प्रत्येक पोराच्या फोनवर धडे पोचावेत, एवढंच अक्कांना हवं होतं.

मी संगणक शिकवतो, त्यामुळे तोंडही मोठं. दोन मिनिटांचं काम, म्हणालो. प्रत्येक खणामागच्या लिंकचा पत्ता शेजारच्या रकान्यात लिहील अशी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, केली आणि चालवली. रकाना जवळपास कोराच राहिला. लिंका मेल्यात बहुतेक, असंही मी बोलून गेलो. अक्का चष्मा पुसत बसल्या. मला माझ्या जिभेचा राग आला.

तीन दिवस झटापट झाली. चौथ्या दिवशी अक्का खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि तुझी स्क्रिप्ट खणाला नेमकं काय विचारते, म्हणाल्या. तुझा पत्ता काय, एवढंच विचारते, मी सांगितलं. समोरच्या खणात होतं, ‘अपूर्णांक : मराठी, कन्नड, उर्दू’. आमची पोरं शाळेत मराठी बोलतात, घरी आणखी काही. म्हणून अक्कांनी एकेक धडा तीनदा बोलून तीन शब्दांमागे तीन लिंका ठेवल्या होत्या.

“एका घरात तीन भाऊ राहायलेत,” त्या म्हणाल्या, “अन् तू मालक कोण म्हणून इचारायलास. कोण बोलंल?”

मग मी बदल केला, स्क्रिप्ट एकेका शब्दापाशी थांबून विचारू लागली आणि रकाना भराभर भरला. संध्याकाळच्या आत सगळे पत्ते ग्रुपवर गेले. मी हुश्श केलं, तेवढ्यात अक्कांनी यादीखालच्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं.

“हितं तुझा एक धडा घाल. दोन मिनटाचंच काम हाय की.”

मराठीतला धडा बोलायला मला महिना लागला. कन्नडातला धडा मी अजून अक्कांना घरी पाठवतो आणि त्या चुका सांगून परत पाठवतात. खरं सांगायचं तर, तो लवकर पास होऊ नये असंच मला वाटतं.