तवंदीच्या घाटात सांडलेली नारंगी

निपाणी दिसायच्या आधी तिचा वास येतो. कोल्हापूर सोडून एस.टी. कागलच्या पुढे गेली, तशी खिडकीतली थंड हवा हळूहळू जड झाली. गोडसर, उग्र, थोडी गुंगी आणणारी. दोन्ही बाजूंच्या रानांत कापलेली तंबाखू वाळत घातली होती आणि तिच्यावर सकाळचं धुकं अजून रेंगाळत होतं. नागपूरहून निघाल्यापासून मला धड झोप नव्हती. डोळे मिटले की मी गाडीत आहे की गाडीच माझ्या स्वप्नात चालली आहे, ते कळेना. मांडीवर संत्र्यांची करंडी होती. तिच्या गवतातून घरचा वास येत होता आणि खिडकीतून परका.

आणीबाणी उठली, त्यानंतरचा हा हिवाळा. मी तेव्हा नागपूरला शाळेत शिकवत होते आणि धाकट्या भावासाठी, अरुणसाठी, निपाणीच्या मालनला मागणी घालायला निघाले होते. एवढ्या लांबची सोयरीक जुळली ती दीक्षाभूमीमुळे. मालनचे वडील दरवर्षी दसऱ्याला तिथे येत, आमच्या ओसरीवर मुक्काम करत आणि परतताना पिशवीभर संत्री नेत. त्यांच्या ओळखीवर मालन नर्सिंग शिकायला नागपूरला आली. पुढे वडील वारले, मालन तिथल्याच इस्पितळात नोकरीला लागली आणि अरुणचं मन तिच्यावर जडलं. आमच्या बाबांना गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नव्हता, मुलानं स्वतःच मागणी घालणं कुणाला रुचलं नाही, म्हणून मी. निघताना आईनं दोन गोष्टी सांगितल्या. होकार घेऊनच ये, आणि त्यांना सांग की इथं तिला सुजाता म्हणतील. मालन हे नाव आईला फार गावठी वाटायचं.

मालनची आई, हिराबाई, मला घ्यायला निपाणीच्या स्टँडवर आली होती. उंच, सडपातळ बाई. तंबाखूच्या वखारीत उमर काढलेली, त्यामुळे बोलताना मध्येच खोकला यायचा. घरी तिनं जोंधळ्याची (ज्वारीची) भाकरी आणि खर्डा (मिरचीचा ठेचा) वाढला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा वाटीभर दही पुढे सरकवलं. मागणीचं ऐकून ती हसली, पण होकार दिला नाही. थोरल्याला विचारल्याशिवाय आपण शब्द देणार नाही, म्हणाली. थोरला म्हणजे आनंदा, बेळगावला उद्यमबागेतल्या एका कारखान्यात फिटर. अर्धी संत्री शेजारीपाजारी वाटून, उरलेली करंडी घेऊन आम्ही दोघी दुपारच्या गाडीनं निघालो.

निपाणी मागे पडली की लगेच तवंदीचा घाट लागतो. उतरतं ऊन, पिवळं पडलेलं गवत, संथ वळणं. मला पेंग आली असावी. एका वळणावर करंडी मांडीवरून सुटली आणि संत्री गाडीभर घरंगळली. पुढची मागे, मागची पुढे, गाडी जिकडे कलेल तिकडे. मी उठून उभी राहिले, पण करायचं काय ते सुचेना. मग माणसं वाकू लागली. कुणी पायांमधून, कुणी सीटखालून एकेक फळ काढून हातोहात माझ्याकडे धाडू लागलं. कुणी संत्री म्हणालं, कुणी मोसंबी. एक कानडी बाई प्रत्येक फळ हातात घेऊन नातवाला 'कित्तळे, कित्तळे' असं शिकवू लागली. तेवढ्यात मागच्या सीटवरून एक म्हातारा ओरडला, "ती नारंगी गेली बगा तिकडं दाराकडं."

हिराबाई झटकन मागे वळली. कुणी हाक मारल्यावर वळावं तशी. म्हातारा तिच्याकडे बघतही नव्हता. ती पुन्हा सरळ बसली आणि तिनं पदर नीट केला.

घाट संपून संकेश्वरकडचा ऊस दिसू लागला, तेव्हा ती आपणहून बोलू लागली. माहेरी तिचं नाव नारंगी. जन्मली तेव्हा अंगानं लालसर-पिवळी होती, म्हणून आजीनं ठेवलेलं. लग्न होऊन सासरी आली तर तिथे चुलतसासूचं नावही नारंगीच. थोरल्या बाईचं नाव घेऊन सुनेला हाका कशा मारायच्या? त्याच दिवशी ती हिराबाई झाली. भाऊ होता तोवर वर्षातून एकदा येऊन तो जुन्या नावानं हाक मारायचा. तो गेल्यापासून कुणी नाही.

"मगाशी वाटलं, दादाच आलाय," ती म्हणाली.

आईचा निरोप माझ्या जिभेवर होता आणि तो तिथंच राहिला. ऊस तोडणाऱ्यांच्या पालांवरून निळा धूर उठत होता. संकेश्वरच्या स्टँडवर आम्ही चहा प्यालो. माझ्या तोंडाला त्याची चवच लागली नाही.

बेळगावला पोचेपर्यंत दिवे लागले होते. भिंतींवर सीमाप्रश्नाच्या घोषणा, दुकानांवर दोन लिप्यांतल्या पाट्या, आणि त्यांखालून दोन्ही भाषा बोलत निवांत चाललेली माणसं. आनंदा कामावरून आला, हातपाय धुऊन बसला. मोजकं बोलणारा माणूस. अरुणची नोकरी, घर, स्वभाव एवढं विचारून म्हणाला की मालनच्या मनात असेल तर आपली ना नाही.

शेजारी कानडी शाळेतले एक निवृत्त मास्तर राहत. पाहुणी आली म्हणून तेही येऊन बसले. मी संत्री सोलून पुढे केली. घाटातली गंमत ऐकल्यावर ते खुलले आणि त्यांच्या हेल काढलेल्या मराठीत सांगू लागले. दक्षिणेच्या जुन्या भाषांत 'नार' म्हणजे सुगंध, असं जाणकार मानतात. त्यावरून नारंग. तो शब्द संस्कृतात गेला, इराणात नारंज झाला, अरबांबरोबर समुद्राकडे गेला. युरोप गाठेपर्यंत पुढचा 'न' वाटेत कुठेतरी गळाला आणि इंग्रजांनी 'ऑरेंज' म्हणून तो आपल्याकडेच परत आणला. मोसंबी म्हणजे मोझांबिकची. आमचं नागपुरी संत्रंसुद्धा पोर्तुगालातल्या सिंत्रा गावावरून आलं, असं काहींचं मत आहे. मराठीत नारिंगी फळावरून उतरली आणि रंगावर जाऊन बसली. कानडीतलं कित्तळे कुठून आलं, ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. सुपारी कातरत ते म्हणाले, "एवढी नावं बदलली, पण गोडी काही बदलली नाही."

हिराबाई चुलीपाशी बसून ऐकत होती. तिनं तिथूनच मला विचारलं, "ताई, तुमच्याकडं सुनंचं नाव बदलत्यात का?"

खोटं बोलवेना. आईनं सुजाता हे नाव ठरवलंय, असं मी सांगितलं.

"फळाचं ऱ्हाऊ द्या मास्तर," ती म्हणाली. "त्येला कुठल्याबी नावानं बोलवा, ते वळून बघत न्हाय. माणूस वळून बघतंय." मग माझ्याकडे पाहून, आवाज जराही न चढवता, "पोरगी लांब द्याला माझी ना न्हाय. पर मालन म्हणूनच न्यायची. न्हायतर सोयरीक न्हाय."

थोरल्या लेकानं आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिच्यापुढे बोलणार नव्हता तो. त्या घरात शेवटचा शब्द कुणाचा, ते मला तेव्हा कळलं.

परतीच्या रेल्वेत खिडकीला डोकं टेकून मी आईला सांगायची वाक्यं जुळवत राहिले. बाहेर रानं सरत होती. ऊस संपला, ज्वारी आली, मग काळीभोर कपाशीची जमीन. होकार मिळाला होता आणि नव्हताही. आई हट्टी होती, आणि अट घालणारी मुलीकडची माणसं तिला खपत नसत.

घरी पोचल्यावर मी जुळवलेलं सगळं विसरले आणि घडलं तसंच सांगितलं, घाटापासून. आई तांदूळ निवडत होती. नारंगीचं ऐकताना तिचे हात थांबले. मी अट सांगितली आणि ती रागावण्याची वाट पाहू लागले.

हातातला खडा बाजूला टाकून ती म्हणाली, "तुझा मामा मले जनी म्हणे, ते तुले काय वाटे?"

लाडाचं नाव वाटायचं, मी म्हणाले.

"लाडाचं नव्हतं ते. तेच नाव होतं माहं."

एवढं बोलून तिनं पुन्हा तांदळात हात घातला. वैशाखात लग्न झालं. आईनं उंबऱ्यापाशी सुनेला मालन म्हणूनच आत बोलावलं आणि सुजाता हे नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही. प्रवासात माणूस नवी गावं पाहतो, नवे शब्द शिकतो. निपाणी-बेळगावच्या त्या फेरीनं मला घरातल्याच माणसाची ओळख करून दिली. आमच्या घरात एक जनी इतकी वर्षं राहत होती, माझे केस विंचरत होती, मला जेवू घालत होती, आणि मी तिला कधी पाहिलंच नव्हतं.