हिरव्या लुगड्याचं बुजगावणं

तम्मण्णा म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे मालक. वडगावात तीस वर्षं हातमाग चालवला. माग बंद पडल्यावर दुसऱ्या कुणी चहाची गाडी टाकली असती. हा माणूस बेळगावातल्या एका जुन्या बंगल्यात बागेवर कामाला लागला. म्हणे, धागा काय नि मूळ काय, जोरानं ओढलं की दोन्ही तुटत्यात. असलं बोलणं आणि वर आमची आक्का त्यावर खूश!

बंगल्याच्या मालकीणबाई तेजस्वी मॅडम दरसाल डिसेंबरातल्या एका ऐतवारी बाग सगळ्यांस्नी खुली करत्यात. शेवंती बघायला पार निपाणीपासनं माणसं येत्यात. त्या दिवशी दाजी मातीत आणि फाटकाशी माझी जयवंताआक्का. कुठलं फूल काय ते सांगायची, आणि कुणी हात लावला की असं झापायची की बिचारं आल्या वाटंनं माघारी.

श्रावणात आक्का गेली. जाताना माझा हात धरून म्हणाली, "ह्यास्नी एकटं सोडू नको गं मंगल. माझ्या मागनं येतील ते." तवापासनं माझ्या जिवाला तोच घोर.

बाराव्याला तिची लुगडी वाटून टाकली. हिरवं एक तेवढं घावलं न्हाय. दाजींच्या मागावरचं शेवटचं, तांबड्या काठाचं. मला वाटलं, पाहुण्यातल्या कुणीतरी लांबवलं.

डिसेंबर लागला तशी मी कुंड्यांस्नी गेरू लावायला मदतीला गेले. सकाळचं दाट धुकं. बघते तर शेवंतीच्या वाफ्यात आक्का उभी! अगं आई गं! गेरूचा डबा हातातनं पडला. धीर करून जवळ गेले तर बांबू, गवत आणि वर मडकं. बुजगावणं! अंगावर तेच हिरवं लुगडं, डोक्यावरनं पदर, उंची नेमकी तिच्याएवढी.

"दाजी, मेलेल्या माणसाचं लुगडं असं उभं करत्यात व्हय?"

"वानरं कळ्या खात्यात," एवढंच म्हणाले, आणि खुरपं घेऊन खाली बसले.

वानरं यायची थांबली, ते खरं. पण संध्याकाळी फाटकाकडं तोंड असलेलं बुजगावणं सकाळी भलतीकडंच बघायचं. मी म्हटलं, वाऱ्यानं फिरत असंल. मग ध्यानात आलं, ते जिकडं बघतंय तिकडंच काहीतरी बिघडलेलं असतंय. एकदा डेलियावर माव्याची कीड, एकदा पाण्याचा पाइप फुटलेला. दाजी आल्या आल्या त्याच्या तोंडाकडं बघायचे आणि मुकाट तिकडं चालू पडायचे. जेवायला त्याच्याच पायाशी बसायचे, निम्मी भाकरी तिथंच ठेवून उठायचे. पोट पाठीला लागलं. मला लई भ्या वाटाय लागलं. आक्का ह्यास्नी न्यायलाच आलीया, दुसरं काय!

शनवारी आम्ही वाळकी पानं खुडली, वाफे भिजवले, वाटंवर तांबडी माती पसरली. दुपारी दाजी घरला गेल्यावर मी मॅडमना म्हटलं, "लोकं भितील उद्या, ते काढते." मॅडम म्हणाल्या, "काढा." निऱ्या सोडल्या. बांबू उपटून मागं टाकला. लुगडं माझ्या घरी नेऊन पेटीत घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. सुटले बाई, म्हटलं.

ऐतवारी दाजी रिकाम्या जागेकडं बघत ऱ्हायले. दहाला फाटक उघडलं, आणि निपाणीच्या एक बाई हसतच आत आल्या.

"तुमच्या फाटकावरच्या मावशी लई तिखट हो! आमच्या ह्यांनी फाटकापाशीच्या फुलाला नुसतं बोट लावलं, तर काय झाडलं त्यास्नी!"

"कोण मावशी?"

"त्या हिरव्या लुगड्यातल्या. तांबड्या काठाच्या."

माझा हात कमरेला गेला. किल्ली जागेवर हुती.

दाजी फाटकाकडं पळाले. कुणी न्हाय. मग सदलग्याचं एक जोडपं तेच म्हणालं, मग कॉलेजच्या पोरी. "आजोबा, आत्ता तर डेलियापाशी हुत्या." डेलियापाशी जावं तर, "विहिरीकडं गेल्या बघा." अडुसष्ट वर्षांचा माणूस दिवसभर त्या बागेत धावत हुता आणि मी त्यांच्या मागं. माझी सख्खी बहीण साऱ्या जगाला दिसतीया आणि मला न्हाय! राग राग झाला, रडूबी आलं.

लोकं गेली. दाजी वाफ्याच्या कडंला बसले.

"मंगल, तू काढलीस व्हय?"

"व्हय, मीच. तुम्ही तिच्या मागं जाल म्हणून."

"येडे, मी कुठं जातोय? ती हितं उभी हुती तवर मला दिसत हुती. आता सगळ्यांस्नी दिसती, मला तेवढी न्हाय."

मी जन्मात कुणाचं बोलणं ऐकून घेतलं न्हाय. त्या दिवशी ऐकलं.

सोमवारी उजाडताच पेटी उघडली. बांबू मीच रोवला, लुगडं मीच नेसवलं. दाजी आले, शेजारी उभे ऱ्हायले. मी निऱ्या खोचाय लागले तसे हळूच म्हणाले, "जरा सैल कर गं. तिला घट्ट सोसत न्हाय."