बोटांची परीक्षा घेणारी पाटी

शिरूरच्या कारखान्यात प्रेस मशीनखाली बोटं सापडलेल्या कामगारांचा हात किती सुधारला, ते कळावं म्हणून मी एक पाटी बनवली. तिच्या भोकांत बारीक खिळे बसवायचे. किती सेकंद लागले ते तिला जोडलेल्या पडद्यावर दिसे. दौंडहून वायरिंगच्या कामाला येणाऱ्या मावशींनी ती हौसेनं पहिल्यांदा वापरून पाहिली.

कारखान्याच्या साहेबांना पाटी फार आवडली. त्यांनी वायरिंगच्या सगळ्या बायकांना तिच्यापुढे बसवलं आणि हळू निघालेल्यांना कामावरून काढलं. त्यांत मावशीही होत्या.

"बारा वर्सांत म्या एक वायर चुकीची जोडली न्हाई," त्या मला म्हणाल्या. "ते तुझ्या पाटीला कुठं दिसतंय?"

महिन्याभरात साहेबांनी त्याच पाटीसाठी माझा सत्कार केला आणि मी तो मुकाट्यानं घेतला.