धुवायचे राहिलेले पाय

नोव्हेंबर १९९८, शुक्रवार सकाळ. बर दुबई, आमच्या फ्लॅटचा हॉल. हजर: मी, माझा नवरा, दोघी नर्स, मंडळीचे वडील (आमच्या छोट्या चर्चचे प्रमुख, त्यांना सगळे 'वडील'च म्हणायचे) आणि नगरकडचा एक गवंडी.

आम्ही मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती. बाप्तिस्मा कळत्या वयात, शपथ घ्यायची नाही, शस्त्र धरायचं नाही. प्रभुभोजनाआधी एकमेकांचे पाय धुवायचे, आणि एकाच्याही मनात अढी असेल तर भाकर मोडायची नाही. सगळ्यांनीच थांबायचं.

वडील उम्म अल कुवैनमध्ये एका बांधकाम कंपनीचा कॅम्प सांभाळायचे. गवंडी त्याच कॅम्पात राहायचा. मजुरांचे पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात असायचे, किल्ली वडिलांकडे. गवंड्याची आई गावी अखेरच्या आजारात होती. त्याला तिला भेटायला जायचं होतं.

मी टबात कोमट पाणी ओतलं. वडील गुडघे टेकून बसले. गवंड्याने पाय मागे घेतले.

"पाय पुढे कर, भाऊ."

"इथं भाऊ, कॅम्पात 'ए मिस्तरी'. साहेब, पासपोर्ट देताय का?"

"मॅनेजरची सही नाही अजून. शनिवारी बघतो, इन्शाल्ला."

"दर शनिवारी इन्शाल्लाच. किल्ली तुमच्याच खिशात आहे ना?"

"माझी नोकरी जाईल रे."

"मग राहू द्या. सिमेंटचे पाय आहेत, तुमचे हात खराब होतील."

"अरे, पाणी गार होतंय. आधी धुऊन घ्या, मग भांडा," नवरा म्हणाला. मी भाकर झाकून आत नेली.

सही झाली, पण त्याआधी गावाहून फोन आला होता. आईला माती देऊन झाली होती. गवंडी गेला तो परतला नाही. पुढे एक नर्स कुवेतला गेली, दुसरी लग्न करून पुण्याला. मंडळीत आम्ही तिघंच उरलो. वडील दर शुक्रवारी यायचे, प्रार्थना करायचे. भाकरीचा विषय कोणी काढत नसे.

२००३ साली वडील कायमचे भारतात निघाले. विमानतळावर म्हणाले, "ताई, त्याला गाठा. मला त्याचे पाय धुवायचेत."

मी एका पाद्र्यांकडून गावातला फोन मिळवला. त्याच्या बायकोने उचलला. आत विचारून आली. "ते म्हणतात, मला आईचे पाय धुवायचे होते. आता माझे कशाला?"

वडिलांना मी एवढंच सांगितलं की तो अजून तयार नाही. आता ते अंथरुणाला खिळलेत. टब आणि टॉवेल माझ्याकडे आहेत. गवंड्याच्या गावी मला स्वतः जायला हवं. ते अजून झालेलं नाही.