पोरीनं लावलेला रंग

खव्यासाठी प्रसिद्ध असलेल्या भूम गावात मी वेबसाइटी बनवून देतो. एका वयस्कर खवेवाल्यांच्या साइटची थीम, म्हणजे तिचं रंगरूप, जुनाट दिसत होतं, म्हणून मी न विचारताच नवी लावली. दुसऱ्या दिवशी ते आले. चपला दाराबाहेर काढून, भट्टीच्या धुरानं लाल झालेले डोळे बारीक करत उभे राहिले.

"पोरीनं लावलेला रंग कुठं गेला वो?"

ती साइट त्यांच्या मुलीनं बनवली होती. मुलगी गेल्या वर्षी वारली.

थीम बदलली तरी जुन्या थीममध्ये निवडलेले रंग, अक्षरं यांची नोंद आत साठलेली राहते. ती मागवणारी ओळ मी कोडमध्ये लिहिली. ताज्या खव्याचा फिकट पिवळा रंग पडद्यावर परत आला. ते पडद्याशी वाकले. मग हळूच म्हणाले, "अजून काय ठेवलंय का तिनं त्यात?"

रंगाखेरीज एकच नोंद उरली होती. "अक्षरं दुप्पट मोठी ठेवलीत," मी म्हणालो.

"मला बारीक दिसत न्हाय. तिला ठाव होतं."

मी तो आकारही परत आणला. नवी थीम लावताना तीच अक्षरं मला बेढब वाटली होती.