बक्षिसाची साखर

सिंगापुरातल्या क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, उसाचा रस पिताना लेक शाळेचा प्रोजेक्ट सांगत होती. “आई, अमेरिकेत स्लेव्हरीच्या विरोधातल्या काही लोकांनी गुलामांनी पिकवलेली साखरच सोडली. सो ब्रेव्ह, लाह!”

रसाच्या वासानं मी आमच्या साखर कारखान्याच्या शाळेत पोहोचले. याच चळवळीवर मी भाषण ठोकलं होतं. “तिथं माणसाला माणूस म्हणून मोजत नसत!” टाळ्याच टाळ्या! कारखान्यात अधिकारी असलेल्या बाबांनी माझी पाठ थोपटली आणि शेजारी उभ्या असलेल्या, ऊसतोडीला मजूर आणणाऱ्या मुकादमाला विचारलं, “यंदा किती कोयते आणलेस?”

ऊस तोडणाऱ्या नवराबायकोला मिळून आमच्याकडे एक कोयता म्हणतात. मला तेव्हा काहीही खटकलं नाही. बक्षीस म्हणून कारखान्याची साखर मिळाली होती. ती बोटानं चाटत मी घरी गेले.

आता समोर बसलेल्या लेकीकडे बघायचं धाडस होईना.